मॅडमचे मिस्टर

मोहिनी मॅडमचं नाव शिक्षकांच्या सिंगापूर अभ्यासदौऱ्यासाठी निघालं, त्या दिवशी रोहण्याच्या शाळेत पेढे वाटले ते धनंजयनंच. तो तिचा नवरा, आणि त्याच शाळेत गुरुजी. चेहरा हसरा होता, पण मनात काय चाललं होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. अर्ज दोघांनी केला होता, मुलाखत दोघांनी दिली होती, आणि बाईसाहेबांची इंग्रजीची तयारी करून घेतली होती याच पठ्ठ्यानं! निवड झाली तिची. हा प्रतीक्षा यादीत पहिला. म्हणजे ती नाही गेली, तर हा जाणार.

ही प्रतीक्षा यादी फार वाईट, बाप्पा. सरळ नापास केलं असतं तर माणूस दोन दिवस कुढून मोकळा झाला असता.

गावानं तर जखमेवर मीठच चोळलं. पानठेल्यावर नत्थूजीनं चारचौघांत विचारलं, "काय गुरुजी, मॅडम इमानात बसून राह्यल्या म्हणते? मंग तुमी सैपाक शिकून घ्या!" सगळे खो खो हसले. धनंजयलाही हसावं लागलं. पुढं आर्वीला एका बैठकीत कोणीतरी ओळख करून दिली, "हे मोहिनी मॅडमचे मिस्टर." वीस वर्षं खडू घासला, आणि शेवटी काय, तर मिस्टर! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

मोहिनी तशी धीट बाई. शाळेच्या आवारात घोणस निघाली तरी पोरांना रांगेत बाहेर काढणारी. पण चालत्या यंत्राला ती भ्यायची. लहानपणी मळणीयंत्रात तिच्या ओढणीचं टोक गेलं होतं. बापानं वेळेवर मागं खेचलं म्हणून वाचली. आणि दौऱ्याच्या बैठकीत साहेब सहज बोलून गेले की तिकडे विमानतळापासून जिकडे तिकडे सरकते जिने, सवय करून घ्या. तेव्हापासून तिची झोप उडाली होती.

अशा वेळी नवऱ्यानं धीर द्यावा की नाही? नाव नको! "तिकडचे जिने लय फास्ट असते म्हणते," धनंजय जेवता जेवता सांगायचा. "पदर सांभाळजो. दात असते त्या पायऱ्याईले." तिचा घास हातातच राहायचा. त्याला वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण वरणभात मात्र त्या दिवशी दोन घास जास्त जायचा.

शेवटी तीच म्हणाली, "वर्ध्याच्या त्या नव्या कापड दुकानात सरकता जिना हाये. रविवारी चला. जमलं त जमलं. नाई जमलं, त सोमवारी साहेबाले सांगून देते. माह्या जागी तुमी जा."

एसटीत धनंजयला खिडकीची जागा मिळाली आणि तो मनातल्या मनात मांडे खाऊ लागला. सूट शिवावा, की नुसता कोट पुरेल?

दुकानात जिना घरघरत वर चालला होता. मोहिनीनं पदर कमरेला घट्ट खोचला, पाऊल उचललं, मागं घेतलं. पुन्हा उचललं, पुन्हा मागं. मागं माणसं खोळंबली.

"नाई जमत मले," ती रडवेली होऊन म्हणाली. "तुमीच जा सिंगापूरले."

झालं! आयतं सिंगापूर पदरात पडलं. इथं माणसानं "बरं, चाल घरी" म्हणून गप्प बसावं. पण हे पडले गुरुजी, आणि चार लोक पाहत होते. तोरा मिरवायचा मोह आवरला नाही. "अवं, यात भ्याचं काय? पाह्य, मी दाखवतो."

तो पुढं झाला. पायऱ्या एकामागून एक जमिनीतून उगवत होत्या, थांबायचं नाव नाही. त्याचा पायच उचलेना. खरी गोष्ट अशी की तोही जन्मात कधी असल्या जिन्यावर चढला नव्हता. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

मोहिनीनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. शाळेच्या पहिल्या दिवशी असं तोंड केलेली पोरं तिनं किती पाहिली होती. तिनं त्याचा हात धरला. "खाली नका पाहू. माह्याकडं पाहा. मी म्हणीन तवाच पाय उचला. हं, आता!"

दोघं जिन्यावर होते. "शाब्बास. आता उतराचं, पाय पुढं टाका," ती सांगत होती. वर पोचल्यावर तिच्या ध्यानात आलं, अगबाई, आपणही चढलो की! ती खळखळून हसली. धनंजयला मात्र रडू यायचंच बाकी होतं. सिंगापूर गेलं, तेही आपल्याच शहाणपणानं.

"मोहिनी," तो कठडा धरून म्हणाला, "मी जळतो तुह्यावर. लय जळतो. ते दाताचं मी मुद्दाम सांगत होतो."

"माहीत हाये मले."

"मंग बोलली काऊन नाई?"

"काय बोलू? नाव निघाल्यापासून तुमी एकडाव बी मले 'जा' म्हटलं नाई. मी वाट पाहून राह्यली होती."

दोघं बाजूच्या साध्या जिन्यानं खाली आले. "अजून एकडाव," ती म्हणाली, आणि त्याला तिथंच ठेवून एकटी सरकत्या जिन्यावर चढली.

शेजारी एक म्हातारी पिशवी पोटाशी धरून जिन्याकडं टकमक पाहत उभी होती. "कोण जी हे बाई? भ्यात नाई काई!"

"मोहिनी मॅडम हाये त्या. सिंगापूरले चालल्या."

"आन तुमी?"

"मी मॅडमचा मिस्टर."

बोलताना पोटात जळलंच. पण वर पोचलेली मोहिनी वळून त्याच्याकडं पाहत होती. त्यानं हात उंच केला आणि सगळं दुकान वळून पाहील इतक्या मोठ्यानं ओरडला, "जाजो वं! बिनधास्त जाजो!"