गोठ्यातल्या गाद्या

नातू इंद्रजितचं जावळ काढलं ते २०२३ साल. त्याच साली मार्गासनीच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीत घरपट्टीची नवी आकारणी झाली. ती दर चार वर्षांनी होते. घर मोजतात, मातीचं की स्लॅबचं ते बघतात, राहतं की धंद्याचं ते विचारतात आणि त्यावर पट्टी बसवतात.

मागच्या खेपेला माझा चुलतभाऊ मानसिंग सरपंच होता. बांधाच्या भांडणाचा राग धरून त्यानं माझा शेळ्यांचा गोठा राहतं घर म्हणून चढवला. गोठ्याला घराची पट्टी भरणार नाही, म्हणून मी हटून बसलो. पंचायतीनं नळ तोडला. माझी बायको सखूबाई ओढ्यावरून हंडा आणताना घसरली. खुबा मोडला. ती पुन्हा उभी राहिली नाही. तेव्हापासून मी आकारणीचीच वाट बघत होतो.

नव्या ग्रामसेविका प्रेरणा मॅडम टेप घेऊन आल्या. माझ्या गोठ्यात वाकून बघितलं, नाकाला पदर लावला आणि गोठा लिहिला. मग त्यांच्यासंगं मी मानसिंगकडं गेलो. गडावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्यानं रस्त्याकडेला स्लॅबच्या तीन खोल्या बांधल्या होत्या.

"ह्यो गोठा हाय, मॅडम," मानसिंग म्हणाला. "गुरांचा."

मी घरी गेलो. शेळ्या सोडल्या, हाकत आणल्या आणि दार ढकललं. सगळा कळप आत.

"आबा, याड लागलं का? हाकला भायेर!"

"का रं? गोठाच हाय न्हवं? माझ्या गोठ्यात अडचण व्हती."

"अवो, गाद्या हायेत आत! नव्या!"

"गोठ्यात गाद्या?" मॅडम म्हणाल्या. "लई लाडाची गुरं दिसतात."

जमलेल्या बाया फिदीफिदी हसल्या. मॅडमनी स्लॅब लिहिलं, धंदा लिहिला आणि टेप उघडली. दुसरं टोक मी धरलं. भिंतीला दाबून धरलं, बोटभर जागा सुटू दिली नाही.

संध्याकाळी मानसिंग अंगणात आला. "आबा, हरकतीची मुदत हाय. मॅडमला सांगा, खोल्या मोकळ्याच असत्यात. तुमचं ऐकतील."

"आत जा. तुझ्या वहिनीला इचार."

तो उंबऱ्याशी गेला. बाजेवरून सखूबाई म्हणाली, "या भावजी. उठून पाणी दिलं असतं."

तो तसाच माघारी फिरला.

गोठ्याची पट्टी भरल्यावर पंचायतीनं आमचा नळ जोडला. मानसिंग पुढच्या माघात, २०२४ साली, छातीत कळ येऊन वारला. मी मातीला गेलो नाही.