खंडेनवमीचा रोटर

पुण्याहून एका मोटर कंपनीचे वकील श्रीनिवासराव उत्तरेत, नदीकाठच्या ब्रह्मा घाटावर नंदाकाकूंकडे आले, ते मिठाईचा डबा घेऊन. आठ महिन्यांपूर्वी त्यांनीच काकूंच्या मोटरच्या कारखान्याला नोटीस धाडली होती. ई-रिक्षाच्या मोटरच्या फिरत्या भागात, म्हणजे रोटरमध्ये, एक लांब नि एक आखूड अशी चुंबकांची तिरकी जोडी बसवणं हे आमचं पेटंट आहे, ताबडतोब बंद करा. काकूंनी उलट पेटंटवरच हरकत घेतली.

कारण ती मांडणी त्यांच्या यजमानांची, प्रल्हादरावांची. रेल्वे कारखान्यातून निवृत्त झाल्यावर, चढावर रिक्षा सुटताना हिसका देते म्हणून त्या माणसाने दोन हिवाळे चुंबकं मागेपुढे सरकवण्यात घालवले. जमलं तेव्हा ढुंढिराज आणि आसपासच्या आणखी तीन कारखानदारांना शिकवूनही टाकलं. कागद मात्र एक केला नाही, आणि गेले.

पण खंडेनवमी होती. त्या दिवशी घरातली हत्यारं पूजेला मांडायची. २०१६ साली प्रल्हादरावांनी झाकण काढून रोटरच पाटावर ठेवला. काकूंनी लांब चुंबकांना हळद लावली, आखूड चुंबकांना कुंकू. त्या पूजेच्या फोटोत ती मांडणी अजून स्पष्ट दिसत होती. कंपनीचा अर्ज त्यानंतर तीन वर्षांनी गेलेला, आणि अर्जाआधी लोकांसमोर आलेल्या गोष्टीवर पेटंट टिकत नाही.

श्रीनिवासरावांनी फोटो निरखला. घरातली पूजा म्हणजे काही जाहीर प्रदर्शन नव्हे, असं ते सौम्यपणे म्हणाले.

"आमचं दार त्या दिवशी सताड उघडं असतं," काकू म्हणाल्या. "पार मंगला गौरीच्या देवळापर्यंतची माणसं प्रसादाला आली होती. अठरा जणांनी तसं लिहून दिलंय."

तेव्हा वकिलांनी खरी गोष्ट काढली. काकूंनी हरकत मागे घ्यावी, त्यांच्या कारखान्याला कंपनी कायमची मोकळीक देईल. मुलगा केयूर एकदम सैलावला. आठ महिने त्याला धड झोप नव्हती.

"आई, अपना काम तो चलेगा. सोड ना आता."

"आणि ढुंढिराजचं? बाकीच्या तिघांचं?"

त्यांचा प्रश्न वेगळा, असं वकील म्हणाले.

"वेगळा कसा? शिकवलं ह्यांनी, आणि ह्यांच्याच रोटरला परवानगी तुमची? डबा राहू द्या, लांबून आणलात. सही मिळणार नाही."

वकील जिना उतरले.

"मुंबईला हरकतीच्या सुनावणीला त्या चौघांनाही न्यायचंय," काकू म्हणाल्या. "तिकिटं काढ."

केयूरने मोबाइल उघडला. "पाच ना?"

"सहा. मी काय घरी बसणार?"