परगावी घरचाच पत्ता

मी एक लॅपटॉप बोलतोय. वय अकरा वर्षं. आमच्या जातीत हे म्हातारपणच. आजवर कुणापुढे तोंड उघडलं नाही, पण एका दुपारचा धक्का अजून पचलेला नाही, म्हणून सांगतो.

कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर माझा जन्म झाला. तिथून मी ज्यांच्या हाती आलो, त्या बाई पूल तपासणाऱ्या इंजिनिअर. माझ्यावर चहा सांडला की आधी मला पुसायच्या, मग स्वतःची साडी. त्यांचा धाकटा दीर संगणकातला जाणकार. एकदा घरच्या प्रिंटरशी माझं काही केल्या जुळेना, तेव्हा त्याने माझ्या सेटिंगमध्ये काही आकडे लिहिले. "वहिनी, घरच्या वायफायवरचा याचा पत्ता पक्का करून टाकलाय. आता कटकट नाही." कटकट मिटली आणि ती गोष्ट सगळेच विसरले. मीसुद्धा.

पुढे बऱ्याच दिवसांनी, त्यानंतर प्रथमच घराबाहेर, बाई मला घेऊन एका दरीतल्या गावी गेल्या. सकाळभर त्यांनी तिथला जुना पूल तपासला. दुपारी लॉजच्या खोलीत त्यांनी कॅमेऱ्यातले फोटो आणि पुलाच्या कंपनांच्या नोंदी माझ्यात उतरवल्या. एक फोटो मोठा केला आणि त्यांचा हात थांबला. मधल्या कमानीखाली भेग होती. साधी नाही, आत मनगट जाईल एवढी. मी हजारो भेगा पाहिल्यात, पण ही पाहून मीही हबकलो.

बाईंनी खात्यातल्या साहेबांना फोन लावला. "साहेब, पूल आत्ताच्या आत्ता बंद करा."

"नुसत्या तोंडी सांगण्यावर रस्ता बंद करता येत नाही. नोंदींची फाइल पाठवा, पाच मिनिटांत हुकूम काढतो."

साडेतीन वाजले होते. त्या दरीत फोनवर बोलता यायचं, पण फोनचं इंटरनेट चालत नव्हतं. उरलं लॉजचं वायफाय. मी जोडला गेलो, सिग्नलच्या रेघा पूर्ण दिसल्या, पण पुढे काहीच सरकेना.

बाईंनी मला बंद करून चालू केलं. पासवर्ड पुन्हा टाकला. जोडणी पुसून नव्याने केली. मग मला उचलून तरातरा खाली काउंटरवर गेल्या. तिथे लॉजचे मॅनेजर वहीत नोंदी करत बसले होते. संगणक असा तिथे नव्हताच.

"तुमचं वायफाय काय शोभेला ठेवलंय?"

"मॅडम, माझ्या फोनवर तर चालतंय," ते चाचरत म्हणाले. तरी त्यांनी जिन्याखालचा राउटर बंद करून पुन्हा लावला. माझं ये रे माझ्या मागल्या. मॅनेजरनी आपल्या फोनने माझ्या पडद्याचा फोटो काढून साहेबांना पाठवला. साहेब म्हणाले, "यात भेग आहे की सावली, तेच कळत नाही. फाइल हवी."

"अहो, पाच वाजता त्या पुलावरून बस जाते!" बाई फोनवर ओरडल्या.

मॅनेजरच्या हातातलं पेन गळून पडलं. "कुठला पूल? पाचची बस?" त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "ती बस माझी बायको चालवते हो."

मग ते बायकोला फोन लावत सुटले. ती गाडी चालवताना फोन उचलत नसे. रिंग वाजत राहिली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दिराला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"दुसऱ्याचा फोन चालतोय ना? मग वायफाय ठीक आहे, लॅपटॉपातच काहीतरी..." तो मधेच थांबला. "अरे देवा! वहिनी, हे माझंच काम. घरचा पत्ता मी त्याच्यात लिहून ठेवलाय. तो तिथेही तोच सांगत असणार, पण प्रत्येक वायफायचे पत्ते वेगळे. सेटिंग उघडा, 'पत्ता आपोआप घ्या' असं निवडा."

मी सुन्न झालो. तासभर सगळे राउटरला बोल लावत होते आणि अडथळा माझ्याच पोटात होता!

बाईंनी सेटिंग बदलली. दुसऱ्याच क्षणी मला वाट मिळाली. फाइल गेली तेव्हा चार वाजून अडतीस मिनिटं झाली होती. साहेबांनी खरंच पाच मिनिटांत हुकूम काढला.

पाच वाजून दोन मिनिटांनी मॅनेजरचा फोन वाजला. पलीकडे बायको होती. "पुलाच्या तोंडाशी पोलिसांनी बस अडवलीय. चाळीस माणसं माझ्यावर खेकसतायत. तुमचे अकरा मिस्ड कॉल? घरी काय झालंय?"

"काही नाही गं," मॅनेजर म्हणाले आणि खाली बसले. बाईंनी त्यांना पाण्याचा ग्लास दिला. "मघाशी वाट्टेल ते बोलले मी तुम्हाला." त्यांनी एका दमात ग्लास रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मधली कमान नदीत कोसळली. पुलावर चिटपाखरू नव्हतं.

आता माझी बॅटरी फुगलीय, बिजागरी सैल झालीय. बाईंकडे नवा लॅपटॉप आलाय. एवढंच मागणं आहे, माझ्यासारख्याला परगावी नेण्याआधी एकदा शेजाऱ्याच्या वायफायवर जोडून पाहा.

मला मोडीत द्यायला बाई तयार नाहीत. तुटलेल्या कमानीचा फोटो त्यांनी त्याच सकाळी माझ्यात उतरवला होता. प्रत्येक फोटोला नाव देणाऱ्या बाईंनी त्याला अजून नाव दिलेलं नाही. अधूनमधून मला चार्जरला लावून तो उघडतात, पाहतात, आणि माझं झाकण हलकेच मिटतात.