खापरातली मेणबत्ती

मित्रांनो, मी एक जुनं, फुटकं खापर आहे. नाक मुरडू नका. तुमच्याकडे खापर कुणाच्या तरी डोक्यावर फोडतात म्हणे. आमच्या खानदेशात ते चुलीवर पालथं घालतात आणि त्यावर हातभर लांबीचे पुरणाचे मांडे भाजतात. काळा असलो तरी मी मानाचं भांडं होतो, हे आधी सांगून ठेवतो!

चोपड्याजवळच्या एका खेड्यात, रुपचंदभाऊच्या घरी माझा जन्म गेला. त्याच्या बायकोचं नाव प्रमिलाबाई. घर ख्रिस्ती, म्हणून माझा मोठा सण नाताळ. प्रमिलाबाई मांडा दोन्ही हातांवर फिरवून अल्लद माझ्यावर टाकायची, एक सुरकुती पडायची नाही. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "काय हात शे व अक्काना!" कौतुक तिचं व्हायचं आणि फुगायचो मी. जाळात बसून काम करत होतो, पण सुखात होतो.

मग तिला छातीचा आजार जडला. ती खाटेला खिळली आणि चुलीवर कुणी मला पालथं घालेना. एकदा तिची मुलगी डिंपल, अकरावीतली पोर, मला माळ्यावर ठेवायला गेली आणि मी तिच्या हातून निसटलो. झालं! दोन तुकडे. पोर रडायला लागली, तशी खाटेवरून प्रमिलाबाई म्हणाली, "रडू नको व बेटा. मोठा तुकडा ठेव. नाताळले त्यामा मेनबत्ती लावू. पन माले खाटवरतून दिसनी पाहिजे."

एवढंच तिचं मागणं. माझ्यात एकदा पुन्हा जाळ बघायचा होता तिला.

डिंपलने जीव ओतून मला सजवलं. फुटक्या कडा दगडावर घासल्या, पोटात माती थापली. कापूस वेचल्यावर कपाशीच्या पऱ्हाटीवर जी रिकामी बोंडं राहतात, ती उघडी पडली की थेट चांदणीसारखी दिसतात. ती तिने सोनेरी रंगवून माझ्या कडेने लावली. ओल्या मातीत मेणबत्ती मात्र प्रमिलाबाईने स्वतः रोवली. मेणबत्ती सरळ उभी राहिली. मी पुन्हा देखणा झालो होतो, मित्रांनो.

तिथेच डिंपलची चूक झाली. नाताळ म्हणजे बर्फ, असं तिने मोबाइलवर पाहिलेलं. आमच्याकडे बर्फ कुठला? तिने घरात साठवलेल्या ढिगातला मूठभर कापूस घेतला आणि माझ्यावर मेणबत्तीभोवती पसरला. प्रमिलाबाई खुदकन हसली. तेवढ्यात रुपचंदभाऊ आत आला.

"डोकं ठिकाने शे का तुनं? घरमा कापूस आन तू मेनबत्ती लावाले निंघनी?"

त्याचंही खरं होतं. भाव वाढेल म्हणून सगळ्या गावाने कापूस घरात भरून ठेवलेला. आमच्या खोलीत तो आढ्यापर्यंत होता. खाट एका भिंतीला सरकवलेली, खिडकी ढिगामागे गेलेली. अशा घरात बिडीसुद्धा कुणी ओढत नाही.

"आईनी इच्छा शे, आबा. आपन घरमाना कापूस काढी टाकू ना," डिंपल म्हणाली.

"पंधरा दिन थांब. भाव वाढी. मंग लाव कितल्याबी."

रुपचंदभाऊ वाईट माणूस नव्हता. दुसऱ्या दिवशी चोपड्याच्या बाजारातून त्याने सेलवर चालणारी मेणबत्ती आणली. माझ्या शेजारी ती ठेवून बटण दाबलं. प्लास्टिकची ज्योत लुकलुकायला लागली. नाताळच्या संध्याकाळी चर्चच्या मंडळीची माणसं दारात येऊन गाणी म्हणून गेली. प्रमिलाबाई बराच वेळ त्या ज्योतीकडे बघत राहिली.

"चांगली शे," ती म्हणाली. "पन हिले धग नही."

आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. आयुष्यभर जाळ सोसलेला मी, त्या दिवशी थंडगार पडून होतो.

भाव वाढला नाही. कापूस तसाच होता आणि प्रमिलाबाई गेली. तिला बाहेर न्यायला वाट हवी म्हणून चार माणसांनी ढीग बाजूला सारला. तेवढी जागा आधीच केली असती तर? मी खापर, मला कोण विचारणार!

कापूस विकला गेल्यावर डिंपलने मला मोकळ्या झालेल्या खिडकीत ठेवलं. मग आमच्याकडचा मे महिना आला. पत्रा तापला, भिंती तापल्या. मेणबत्ती आधी वाकली, मग माझ्या मातीत लोळत गेली. वात मेणात बुडाली. एकदाही न पेटता ती संपली, मित्रांनो.

यंदा रुपचंदभाऊने कापूस घरात आणलाच नाही, शेतातूनच गाडी भरून दिली. नाताळच्या संध्याकाळी त्याने खोली झाडली आणि मेणबत्त्यांचा नवा पुडा डिंपलपुढे ठेवला.

"लाव बेटा आते."

"ही काढानी नही, आबा," डिंपल माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "आईनी रोवेल शे."

मग तो स्वतः माझ्यापुढे बसला. काडी ओढली, मेणाला लावली. विझली. दुसरी ओढली. वात कुठे होती कुणास ठाऊक. "पेट ना व माय," तो पुटपुटत होता आणि काड्या संपत होत्या. डिंपल दारात उभी होती. तिने त्याला थांबवलं नाही आणि मदतही केली नाही.

मित्रांनो, मला धुऊनपुसून ठेवा, जपा, असं मी म्हणणार नाही. माझं काय, मातीच मी. पण घरातलं कुणी खाटेवरून काही मागत असेल, तर त्याला पंधरा दिवस थांब म्हणू नका.

शेवटची काडी विझली. रुपचंदभाऊने पेटी खाली ठेवली आणि खोलीभर नजर फिरवली. ढीग नव्हता, खाट नव्हती. आग लागावी असं काहीच आता त्या घरात उरलं नव्हतं.