लुगडे नेसलेले यंत्र

मित्रांनो, मी एक जुने, संत्री निवडणारे यंत्र आहे. शेंदूरजनाघाटात सायकलची साखळी, दोन पाइप आणि इंदूबाईंची अक्कल यांपासून माझा जन्म झाला. माझ्या पाइपांमधली फट पुढे रुंद होत जाते. लहान फळ आधी खाली पडते, मोठे शेवटी. आमच्या संत्र्याची साल इतकी ढिली, की शेजारी कुणी शिंकले तरी सुटते. म्हणून इंदूबाईंनी पाइपांना आपले जुने लुगडे गुंडाळले. आठ बहारांत मी एका फळाला ओरखडा आणला नाही. खोटे वाटत असेल तर संत्र्यांना विचारा.

मग कोणते यंत्र चांगले, हे पाहायला अमरावतीला परीक्षकांपुढे चाचणी ठरली. एकीकडे पुण्याचे चकचकीत यंत्र, दुसरीकडे मी. मी जिंकले, तर गावोगावची यंत्रे इंदूबाईंच्या शेडमध्ये बनणार होती.

आदल्या दिवशी त्यांचे यजमान मोतीराम यांना माझी लाज वाटली. त्यांनी गुपचूप लुगडे फेडले, पाइप घासूनपुसून चमकवले आणि ताडपत्री घालून मला टेम्पोत चढवले. खरे सांगते, मलाही जरा गर्व झाला.

मैदानावर आधी पुण्याचे यंत्र चालले. शंभरातली सात संत्री सोलली गेली. मग माझी ताडपत्री निघाली आणि इंदूबाईंचा चेहरा उतरला.

"लुगडं कोठी गेलं?"

"घरी राह्यलं. मले वाटलं, लोकं हासतीन."

"हासू द्याचे होते. आता संत्रं रडन, त्याचं काय?"

तेवढ्यात परीक्षकांनी पहिले फळ टाकलेच. टर्रकन साल फाटली. इंदूबाईंनी हात वर केला. परीक्षकांनी घड्याळ पाहून दोन मिनिटे दिली. गाव तीन तासांवर, लुगडे गावात.

चाचणीसाठी मुद्दाम बांधलेला गुलाबी फेटा मोतीरामांनी उतरवला आणि बोडक्या डोक्याने माझ्या पाइपांना गुंडाळू लागले. लोक हसले. खूप हसले. पण उरलेली नव्व्याण्णव संत्री अलगद उतरली.

आम्ही जिंकलो. तरीही, तुमच्याकडे मोठा कारखाना नाही, असे सांगून परीक्षकांनी काम पुण्यालाच दिले. पुढच्या बहाराला नवी यंत्रे आली. पाइपांवर गुलाबी कापड होते, पण गुळगुळीत नायलॉनचे! गुण रंगात आहे, असे तिकडे कुणाला तरी वाटले असावे.

नायलॉनवर साल फाटते, म्हणून आता गावोगावचे बागाईतदार ती यंत्रे घेऊन इंदूबाईंच्या दारात उभे असतात. मोतीराम बायाबायांकडून जुनी लुगडी मागून आणतात आणि स्वतः नेसवतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे काही ओबडधोबड असेल. त्याला जपा. आणि कुणी हसेल म्हणून त्याचे लुगडे फेडू नका.