वेखंडाचा एक वेढा जास्त

आईने नातीला भरवणं सोडलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. माझ्या भावाची क्षमा सहा वर्षांची. लहान मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं, आता किमो सुरू होती. तोंडाची चव पार गेलेली. आजीच्या हातचे चार घास तेवढे पोटात जायचे, तेही बंद झाले. वजन उतरलं आणि डॉक्टरांनी किमो थांबवली. वजन भरल्याशिवाय पुढचं औषध नाही म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी मी बूढापाऱ्याच्या हिंदी मोहल्ल्यात माहेरी धडकले. आई स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"काहून भरवत नाही तिले?" मी ओरडलेच.

"माह्याच हातानं घात झाला, पद्मा."

क्षमा तान्ही असताना आई रोज गुटी उगाळायची. पोरगी हुशार निघावी म्हणून सहाणेवर वेखंडाचा एक वेढा जास्तच द्यायची. मागच्या महिन्यात डॉक्टर आम्हाला समजावत होते, की बाळाचा मेंदू घडताना मज्जापेशींना वाढवणारं एक प्रथिन असतं. आईने तेवढंच ऐकलं, आपल्या वेखंडानेच गाठ वाढली असं धरलं आणि पुढचं आरोपपत्र स्वतःच लिहून टाकलं.

"पुढचं ऐकलंच नाही तू," मी म्हटलं. "तेच प्रथिन पेशींना तयार करून कामाला लावते, मग त्या वाढायच्या थांबतात. हिच्या काही पेशी थांबल्याच नाही. काहून, ते डॉक्टरलेही पक्कं ठाऊक नाही. गुटीचा काही संबंध नाही म्हणाले ते."

आईने नाही नाही अशी मान हलवली.

"अन् मले का कमी वेखंड पाजलं तू? दहावीले दोनदा बसली मी! माहा मेंदू काहून नाही वाढला?"

आई फस्सकन हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. मग मलाही आवरेना. इतके दिवस ही बाई एकटीच स्वतःला जाळत होती, याचं फार वाईट वाटलं.

डोळे पुसून तिने मऊ वरणभात कालवला. क्षमाने पहिला घास घेतला आणि भडाभडा ओकली. आई आपल्या हाताकडे बघत तशीच थिजली. आता ही पुन्हा भरवणं सोडणार, असं मला वाटलं.

क्षमाने बाहीला तोंड पुसलं.

"आजी, छोटा वाला दो ना."

आईने हातातला घास अर्धा केला आणि तिच्या तोंडापुढे धरला.