पोटाखालची स्टेपनी

आमच्या व्हॅनची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली गेली ती माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नवऱ्याला बोल लावायला नको.

आमच्या ह्यांचं, म्हणजे अनीसचं, जव्हारात गाद्या-कुशनचं दुकान आहे. एका शाळेने मोडीत काढलेली वीस वर्षांची व्हॅन ह्यांनी घेतली. आत पलंग बसवला, शेगडी बसवली, पडदे मी शिवले, आणि दाभोशाचा धबधबा बघायला येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही ती फिरायला द्यायला लागलो. हे गाडी चालवायचे, मी स्वयंपाक करायचे. सगळं झकास होतं, फक्त पलंगाखाली ते जादा चाक. उशीला डोकं टेकलं की रबराचा वास. मी म्हटलं, हे बाहेर काढा. हे म्हणाले, जुन्या गाडीत स्टेपनी हाताशी हवी, वाटेत गरज पडली तर मी कुठे चिखलात लोळू? मी म्हटलं, लोळा, घरी तरी दुसरं काय करता? उचलली जीभ लावली टाळ्याला. चार दिवस मी अबोला धरला, तेव्हा ह्यांनी मागच्या चाकांच्या पाठीमागे, गाडीच्या खाली एक लोखंडी पाळणा वेल्ड करून घेतला आणि चाक त्यात नटांनी आवळून टाकलं. उशांना लव्हेंडरचा वास यायला लागला. मी जिंकले होते.

ऑगस्टमध्ये मोखाड्याहून पाहुण्यांना आणायला निघालो होतो. सकाळचे दहा वाजले होते, पण धुकं इतकं दाट की दिवे लावूनही चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. घाटाच्या चढावर पुढचं डावं चाक फाटकन फुटलं. ह्यांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. मागे उतार, उताराच्या टोकाला वळण, वळणापलीकडे दरी. हँडब्रेक नावापुरताच होता, तो ह्या वर्षी करू, पुढच्या वर्षी करू असं चाललं होतं. चढावर नुसत्या गिअरवर ही जुनी गाडी ठरत नसे. ह्यांनी कडेचे दोन दगड उचलून मागच्या चाकांच्या मागे लावले. जमीन भिजून मऊ झाली होती. दगडाला पायाने रेटून बघितलं आणि ह्यांचा चेहरा काही मला आवडला नाही.

मला गाडी चालवता येत नाही. ह्यांनी मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, इंजिन बंद असल्यामुळे ब्रेक कडक लागेल म्हणून दोन्ही पायांनी दाबायला सांगितलं.

"काहीही झालं तरी पाय काढू नकोस," हे म्हणाले. मग पाना आणि टॉर्च घेऊन मागून गाडीखाली शिरले.

मी दाबून बसले. सुरुवातीला ह्यांची बडबड ऐकू येत होती. नट गंजलाय, वेल्डिंगवाल्याच्या नावाने शिव्या, मधेच माझ्या लव्हेंडरच्या नावाने एक टोमणा. तो टोमणाही मला गोड लागला, कारण तो खालून येत होता आणि जिवंत माणसाचा होता. पायांना कळ यायला लागली. मांड्या थरथरत होत्या. ब्रेक मऊ होतोय की माझेच पाय बधिर झालेत ते कळत नव्हतं. एवढा मोठा लोखंडी सांगाडा, त्याच्याखाली माझा माणूस, आणि मध्ये काय, तर माझ्या दोन चपला.

मग पान्याचा आवाज थांबला. बडबडही थांबली.

मी हाक मारली. "जिक्राचे अब्बा." लेकीच्या नावानेच मी ह्यांना हाक मारते. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. गाडीच्या टपावर टपटप पाणी पडत होतं, बाकी काही नाही. आरशात बघितलं तर धुकं. मी हॉर्न बराच वेळ दाबून धरला, पण त्या रस्त्याला ऐकायला होतं कोण? मोबाइलला रेंज नव्हती. पाळणा अंगावर पडला असेल. उतरून बघावं तर गाडी सुटेल, आणि न बघावं तर तिथे खाली ह्यांचा श्वास चालू आहे की नाही हे मला कधी कळणार? मी त्या वेळी खरंच घाबरले. लग्नाला अठरा वर्षं झाली, एवढी कधी घाबरले नव्हते.

नुसतं दारातून वाकून बघू म्हणून मी उजवा पाय उचलला.

गाडी मागे गेली. फार नाही, वीतभर असेल. खाली काहीतरी खरडल्याचा आवाज झाला आणि मी दोन्ही पाय परत असे रोवले की कंबरेत चमक भरली. गाडी थांबली. मी ह्यांना नावाने हाक मारली. अठरा वर्षांत पहिल्यांदा, अनीस, अनीस, अनीस. खालून चकार शब्द नाही. मला वाटलं, मारलं मी ह्यांना. आधी जिभेने खाली घातलं आणि आता पायाने मारलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. समोरून धुक्यातून एक म्हातारी उतरत आली. अंगावर प्लास्टिकचा कागद, डोक्यावर बांबूच्या कोंबांची पाटी. मी रडत तिला सांगितलं, मावशी, गाडीखाली माझा माणूस आहे, बघा हो. ती पाटी उतरवून मागे गेली. मला तिची बांगडी वाजलेली ऐकू आली, ती वाकली असावी.

"मानूस हाय," ती म्हणाली. "डोले उघडे हायत. पन बोलत नाय."

मेलेल्या माणसाचेही डोळे उघडे असतात. मग ती पुन्हा म्हणाली, "पापनी हालवली. मना दगड दाखवतंय हातानं."

तिने शेताच्या बांधावरून हा एवढा धोंडा लोटत आणला आणि चाकामागे बसवला. दुसऱ्या चाकाला दुसरा. मग कुठे खालून ह्यांचा आवाज आला, अगदी हळू. आता पाय सोड, म्हणाले. मला सोडता येईना. बायडीने, तिचं नाव बायडी, दार उघडून माझे गुडघे धरले आणि एकेक पाय उचलून खाली ठेवला, लहान पोराचा ठेवावा तसा.

हे चिखलाने माखून बाहेर आले. चाक बदललं. बायडीला आम्ही गाडीत बसवून तिच्या पाड्यापर्यंत सोडलं. मोखाड्याच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबलो, तेव्हा ह्यांनी तोंड धुतलं आणि मला ह्यांचा उजवा कान दिसला. वरची कड सोलून निघाली होती, आणि गालावर टायरच्या नक्षीचा काळा ठसा होता.

मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं की तुम्ही ओ देईनात म्हणून मी एक पाय उचलला होता.

"माहीत आहे," हे म्हणाले. "नट चिखलात पडला होता. टॉर्च दातांत धरून शोधत होतो, म्हणून बोललो नाही. तेवढ्यात चाक आलं. कान त्याच्याखाली सापडला. म्हातारीने धोंडे लावल्यावर ओढून काढला."

"मग ओरडला का नाहीत? मी इतक्या हाका मारल्या."

ह्यांनी बशीत चहा ओतला. अर्धा टेबलावर सांडला.

"तोंड उघडलं असतं तर किंकाळीच निघाली असती," हे म्हणाले. "आणि मी किंकाळी मारली असती, तर तू दुसराही पाय उचलून माझ्याकडे धावत आली असतीस."